जॉइंट

उदगीरला, नळेगाव रोडला दुकान आहे माझं,
मोटारी भरून देतो.
तांब्याला तांबं जोडायचं, बटण दाबायचं,
गुणगुणली की पैसे घ्यायचे.
म्हणून डॉक्टरांनी कागदावर नस काढली
तेव्हा वाटलं, हे तर येतं आपल्याला.

रेवण दीड महिन्याचा, छाती उघडली होती.
जीव राहिला, आवाजाची तेवढी एक नस गेली.
पाणी पिताना ठसका,
हाक मारली तर नुसती वाफ.
शाळेत हा "हजर" म्हणायचा,
बाई गैरहजर मांडायच्या.

हैदराबादला मानेतलीच दुसरी नस वळवून जोडली.
मी विचारलं, चालू कधी होईल?
तार नाही हो ती, म्हणाले. वाढावी लागते.
दिवसाला एक मिलिमीटर.

घरी येऊन मायक्रोमीटर उघडला.
एकोणीस नंबरच्या तारेएवढं.
रोज तेवढंच.
रब्बीच्या मोटारी जळून आल्या, भरून गेल्या.

काल वार्निश लावताना लाइट गेली.
मागनं कुणीतरी जाड, खरखरीत बोललं,
"गेली की वो."

मी अंधारातच विचारलं,
कोन हाय?
गिऱ्हाईक असंल म्हणून.