घासाघीस

महिन्याच्या पहिल्या रविवारी
पेच शहराबाहेरच्या बाजारात
मी आधी अम्ब्रुशच्या टेबलापाशी जाते,
बटाटे नंतर.

चांगली नाणी तो काचेखाली मांडतो,
निळ्या मखमलीवर, एकेकाला वेगळा खळगा.
तिकडे मी बघत नाही.
म्हणजे बघते, पण हात पाठीमागे बांधून,
दुसऱ्याच्या तान्ह्या बाळाकडे बघावं तशी.
माझं दुकान टेबलाखाली:
दह्याचा रिकामा डबा, त्यावर चिकटपट्टी,
पट्टीवर पेनाने लिहिलेलं
‘घासलेली, फुटकी, भोकाची’.

गुडघे कुरकुरतात. उकिडवी बसते.

एकतीस वर्षं मी लोकांचे दात घडवले.
चांदी, कथील, पारा,
बोटांना अजून कळतं कशात काय मिसळलंय.
पेन्शनमध्ये काय मिसळलंय तेही कळतं.
सेवेरस नावाच्या सम्राटाने म्हणे
शिपायांचा पगार वाढवला
आणि नाण्यातली चांदी निम्म्याच्या आसपास आणून ठेवली.
हे वाचलं त्या रात्री एकटीच इतकी हसले
की शेजारच्या इरेनने भिंत ठोकली.

महिन्याला तीन हजार फोरिंट. वर एक नाही.
पेपरिकाच्या जुन्या डब्यात ठेवते,
म्हणून माझ्या नोटा लालसर
आणि अम्ब्रुश त्या मोजताना शिंकतो.
तीन-चार शिंका साठल्या की एक देनारियस.
(सीमेपलीकडे, सर्बियात,
अजून दिनारच म्हणतात पैशाला.)

आतापर्यंत एकोणीस.
फाउस्तिना आहे, तिचं नाक गेलंय, अंबाडा शाबूत.
एकावरचा सम्राट पार पुसला गेला,
उरली नुसती मानेची रेघ,
कुणीही असू शकेल, माझा भाऊसुद्धा.
एकाला खिळ्याने पाडलेलं भोक:
कुणीतरी कुणाच्या तरी गळ्यात घातलं असणार.
भोकाने किंमत पडते म्हणतात.
पडू दे. नाहीतर माझ्यापर्यंत पोचलं असतं?

मग ऑक्टोबरात
डब्याच्या तळाशी युलिया डोम्ना.
केसांची लाट न् लाट दिसतेय, ओठ मिटलेले.
मी चेहरा कोरा ठेवला.
अम्ब्रुश म्हणाला बारा हजार,
मी म्हटलं आठ,
तो म्हणाला मला तीन पोरी आहेत,
मी म्हटलं सगळ्या नोकरीला आहेत.
नऊ हजारांना तुटलं.

घरी तिला जुन्या तराजूत टाकलं,
ज्यात पूर्वी दातांचं सोनं तोलायची.
दोन ग्रॅम, एकतीस. पाऊण-एक ग्रॅम कमी.
भिंगाखाली, कानामागे,
तांब्याचा तांबूस फोड.
आत तांबं, वर चांदीचा पत्रा.
अठराशे वर्षांपूर्वीचं खोटं नाणं.

नोव्हेंबरात परत नेलं.
अम्ब्रुशने कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत माफी मागितली.
“फसवणूक आहे, पण माझी नाही,” म्हणाला,
आणि नऊ हजार मोजून दिले. शिंकला.

बटाटे घेतले, चार किलो.
बसच्या रांगेत उभी राहिले.
आणि तो डोळ्यांसमोरून जाईना:
तांब्याच्या चकतीवर पत्रा गुंडाळणारा,
विस्तवावर नेमकं तितकंच तापवणारा,
जोड असा बुजवणारा
की एवढी शतकं कुणाच्या नखाला लागला नाही.
मीही आयुष्यभर तेच केलं.
किडलेल्या दाढेवर टोपी बसवली
आणि कडेवरून जीभ फिरवून बघायला सांगितलं.
लागतंय का कुठे?
नाही म्हणाले की दिवस चांगला जायचा.

बस आली. मी परत फिरले.

“हे दे,” म्हटलं.
“खोटं आहे, पिरोश्का.”
“माहीत आहे. चार हजार.”
“दोन दे.”
“साडेतीन.”
“अगं, खोट्या नाण्याला कोण एवढे देतं? अडीच!”
असं उलटं घासत आम्ही तीन हजारांवर आलो,
आणि शेजारचा घड्याळवाला
आम्हा दोघांकडे बघत राहिला.

पुढची बस तासाने होती.
चालत आले, बटाटे या हातातून त्या हातात करत.