उणे चाळीस

फेअरबँक्सला डिसेंबरात अकराच्या सुमारास उजाडतं
आणि गणिताचा तास आठला.
ओकपिक बाईंनी आलेखाचे कागद वाटले.
"सेल्सिअस आडव्या अक्षावर, फॅरनहाइट उभ्या.
मग त्याचंच व्यस्त फलन. दोन्ही एकाच कागदावर."

पहिली रेघ सोपी.
बत्तिसातून निघते,
पाच घरं उजवीकडे, नऊ वर,
जिना चुकवून धावत सुटल्यासारखी.

दुसरीला मी चुकले.
आधी भागलं, मग बत्तीस वजा केले.
बाई माझ्या पायांकडे बघत म्हणाल्या,
"घरी गेलीस की आधी काय काढतेस,
मोजा की बूट?"

खोडलं. आधी बत्तीस उतरवले.
ही रेघ सावकाश निघाली,
नऊ चालावं तेव्हा पाच चढणारी.
कागद कर्णावर दुमडून दिव्याला धरला,
तर दोघी एकीवर एक, केसभरही फरक नाही.

पण उलगडल्यावर त्या भेटेनात.
वर उजवीकडे तर लांब लांबच जात होत्या,
खाली डावीकडे जवळ येत होत्या
आणि तिथे माझा कागद संपत होता, उणे विसावर.

बाबा दोन वर्षं सीमेपलीकडे मेयोत आहे,
चांदीच्या खाणीवर.
फोनवर म्हणतो, "आज उणे वीस,"
मी म्हणते, "बाप रे, इथं तर उणे चार."
तो म्हणतो, "मग टोपी कशाला घालतेस?"
थंडी तीच असते, हे दोघांनाही माहीत असतं.
आई पलीकडून पुटपुटते,
त्याचं सगळं पहिल्यापासूनच उफराटं.

चिकटपट्टीनं दुसरा कागद खाली जोडला,
तिसरा त्याच्या डावीकडे.
डाझिया म्हणाली, एवढं कुणी सांगितलंय तुला?
कुणीच नाही.
पट्टी छोटी पडत होती, सरकवत सरकवत नेली.
कर्णाच्या रेघेवरच,
उणे चाळीस, उणे चाळीस.
पेन्सिल इतकी दाबली की भोक पडलं.

जानेवारीत एका रात्री
खिडकीबाहेरचा तापमापी तिथवर उतरला.
धूर चिमणीवर उभाच्या उभा गोठल्यासारखा.
फोन वाजला. "किती आहे तुझ्याकडे?"
"उणे चाळीस."
"माझ्याकडेही."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही,
तारेत नुसती घरघर.
मग त्यानं विचारलं,
आईच्या गाडीला हीटरची वायर लावलीय का,
जा, बघून ये,
मी थांबतो.