पावाच्या कडेचा रंग

हेल्वेनं पिशवीतून पावाची कड काढली,
राय-पावाची, काळी, जरा करपलेली,
आणि काउंटरवर ठेवली.
"असा हवा. खोलीभर."
दुकानातल्या पोरानं कड यंत्राखाली धरली.
यंत्रानं एकदा डोळा मिचकावला, आकडे आले:
तांबडा इतका, काळा इतका, पिवळा थोडा,
आणि कुणाला खरं वाटणार नाही
असा निळ्याचा एक थेंब.

वाल्गात तीस वर्षं भिंती रंगवतोय मी.
सांगून पाहिलं,
खोली उत्तरेला, खिडकी एकच.
डिसेंबरात उजाडतं आणि मावळतं,
मध्ये धड जेवण उरकत नाही.
गडद रंगानं खोली आखडते, छत अंगावर येतं,
आणि उद्या परत पांढरी करायची म्हणालीस
तर चार हात, तेही मलाच.
लोक हल्ली दुधी मागतात, सायीचा, शिंपल्याचा,
माझ्या तक्त्यात पांढऱ्याची बावीस नावं आहेत.
तिनं सगळं ऐकून घेतलं.
"तू हात दे," म्हणाली, "नावं राहू देत."

नवरा, काल्यो, स्वयंपाकघरात स्टुलावर.
घरातसुद्धा टोपी, तीही भुवयांपर्यंत ओढलेली.
एकतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नलवर काढलेला माणूस.
मला वाटलं, रुसलाय. रंगावरून भांडले असतील.

पहिला हात म्हणजे चिखल.
रोलरच्या वाटा उठून दिसतात,
घरमालकानं तेव्हा आत येऊ नये.
दुसरा ओला असताना कोको,
वाळल्यावर गोठ्याचं दार.

तो वाळेपर्यंत कॉफी.
तेव्हा ती हळू आवाजात बोलली.
त्याच्या नजरेच्या मधोमध डाग आहे,
कडेकडेनं तेवढं दिसतं.
बर्फ पडला की उजेड खिडकीतून येतो,
पांढऱ्या भिंतीवर आपटतो,
आणि हा कपाळ धरून बसतो.
पांढरी बशी तिथंच असते नि नसते.
दिव्याचं बटण चाचपत भिंतभर फिरतो.
"परवा मी पांढऱ्या स्वेटरमध्ये उभी होते, समोर.
विचारतो, हेल्वे, कुठं गेलीस?"

मी कप विसळून ठेवला.
तिसरा हात सावकाश दिला.
छतालाही दिला. त्याचे पैसे लावले नाहीत.

शनिवारी तिनं त्याला दंडाला धरून आणलं.
उंबऱ्यात थांबला. टोपी काढली.
कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान तिरकी केली,
एकदा इकडून, एकदा तिकडून.
बराच वेळ काही नाही.
हीटरच्या नळीत पाणी गुरगुरलं.
मग म्हणाला, "बटण."
सरळ चालत गेला, दाबलं.
दिवा गेला, आला, गेला, आला,
जणू एखादी मालगाडी पास करतोय.
"कप," म्हणाला. "पडदा." मग, "तुझा हात."
तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी ब्रश गुंडाळत होतो
तर त्याचं बोट कोपऱ्याकडे, फरशीच्या जरा वर.
"तिथं राहिलंय."
मला काही दिसेना.
गुडघ्यांवर बसलो, चष्मा लावला.
होतं. तांदळाच्या कणीएवढं पांढरं.

डबा परत उघडला.
"बारीक ब्रश घे," मागून काल्यो म्हणाला.