उलट पुरावा येईपर्यंत

मंगळवारी संध्याकाळी, पीटरहेडच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
एफी बखन बाईंनी टेबलावर एक हॅडॉक ठेवला,
रोडेलनं बोटीवरून आणलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
आणि म्हणाल्या, किती भरेल?
दीड किलो. दोन. सव्वा.
आमचं सगळंच अंदाजपंचे.
"याला म्हणायचं गेस.
हाताशी काटा नाही, चुकलात तर लाजही नाही."

मग सपोज. तो त्यांनी खिडकीसारखा किलकिला केला:
समजा, उद्या वारा पडला. समजा, बोटी निघाल्या.
समजा म्हणायला पैसे पडत नाहीत,
म्हणून आपल्याला परवडतं, असं व्हायदोतास म्हणाला,
लिथुआनियाचा, माझ्या शेजारच्या पट्ट्यावर माशांचे काटे काढतो.
अझ्यूमच्या वेळी त्यानंच डावा हात वर केला.
"मशीन बंद आहे, असं मी अझ्यूम केलं."
साडेतीन बोटं.
बाईंनी फळ्यावर लिहिलं: न बघता धरून चालणे.
शेवटच्या अक्षराला खडू मोडला.

राहिलं प्रिझ्यूम.
अझ्यूमचाच सख्खा भाऊ, बाई म्हणाल्या,
पण कोट घालून हिंडतो.
याच्या खिशात काहीतरी असतं, एखादं कारण, एखादी तारीख,
कधी शिक्का.

तेव्हा लेतेब्रहाननं पिशवीतून पत्र काढलं.
चार महिने ते कुणाला दाखवलं नव्हतं तिनं.
घडीवरची शाई उडालेली. धाकट्या भावाचं नाव,
होडी निघाली तो दिवस,
आणि पुढे हेच क्रियापद, भूतकाळात.
"लिहिणाऱ्यानं पाहिलं होतं का?"

बाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला.
"नाही. पाहिलं असतं, तर हा शब्द लागलाच नसता.
हा म्हणजे, खरं मानून चालायचं,
उलट पुरावा येईपर्यंत."

"येईपर्यंत," लेतेब्रहान म्हणाली.
वहीत तिनं तेवढंच लिहून घेतलं.
रेडिएटर ठणठणत होता, हॅडॉकचा वास सुटला होता,
आणि तासाची अजून दहा मिनिटं उरली होती,
त्यांचं काय करावं ते कुणाला सुचेना.

खाली बसथांब्यावर एक म्हातारा, टोपी कानांवर ओढलेली,
आभाळाकडे बघून आपल्याशीच बोलला,
"आय डूट, बर्फ पडणार."
डूट म्हणजे डाउट. डाउट म्हणजे शंका. निदान पुस्तकात.
मी म्हटलं, शंका आहे, म्हणजे पडणार नाही ना?
एफी बाई हसल्या.
"पुस्तकातलं पुस्तकात. आमच्या गावात डूट म्हणजे
जवळजवळ खात्रीच. माझी आई तर..."
आईचं राहूनच गेलं. त्यांच्या बाहीवर
पांढरं काहीतरी येऊन बसलं होतं.

बस आली. लेतेब्रहान पायरीवर चढली,
दांडा धरून वळली,
आणि एकेक शब्द जपून ठेवत
या गावच्या इंग्रजीत म्हणाली,
"आय डूट, तो येईल."