उन्हाच्या डाव्या हाताला

स्लोव्हेनियात, बालवाडीमागच्या उतारावर
ल्युडमिलाबाई म्हणाल्या, "आता बोलायचं नाही.
फूल सापडलं की फक्त ढुंगण हलवून सांगायचं."

खिदळली पोरं.
टिंकारा नाचत आली: उन्हाच्या डाव्या हाताला,
बादलीमागे, जॅमची बरणी!
धावले सगळे, जुन्या मोज्यांचे पंख फडफडवत.

ओझ्बेय कुणाच्यात नाही.
भिंतीकडे तोंड करून
मधपेटीच्या फळीवर पिवळा रंग थापत बसलेला.

मग उठला.
कंबर हलवली. पुन्हा हलवली.
नाच कसला, हुडहुडी भरल्यासारखं काहीतरी,
तेही बरणीच्या उलट दिशेला.
"चुकला, चुकला!"

एकटी टिंकारा गेली मागोमाग.
दगडावर माशी. खरी.
पाय पोटाशी घेतलेले,
मांड्यांना अजून पराग.

"मेली?"
बाई गुडघ्यांवर बसल्या.
"गाय मरते, कोंबडी मरते.
मधमाशी मात्र आमच्या भाषेत वारते,
माणसासारखी."

एवढीशी काडेपेटी
पुरली.

संध्याकाळी ओळीनं वाळत होत्या फळ्या:
अस्वल, सूर्य, कुणाच्या आजोबांची टोपी.
ओझ्बेयची नुसती पिवळी,
आणि कोपऱ्यात, बोटाच्या रुंदीची,
एक वाकडी वाट.