दुसरी डिस्क

पहाटे पावणेचारला सर्व्हर गेला,
नारिनच्या प्रसूतिगृहात, तळघरात.
आधी तीनदा टकटक, आत कुणी कोंडल्यासारखी.
मग तीही नाही.

मी घाबरलो नाही. डिस्क दोन होत्या;
एकीवरचं अक्षर दुसरीवर त्याच क्षणी उमटायचं,
चार वर्षं, एकही रात्र न चुकता.
वर गुलबारानं वजनांची वही काढली होती.
"ही चालू आहे," म्हणाली, न हसता.

बटण दाबलं.
काळा पडदा, लुकलुकणारी एक रेघ.
तेव्हा उमगलं:
जागं व्हायचे ते पहिले शब्द
मी फक्त मेलेलीलाच सांगितले होते.
हिच्यापाशी सगळं होतं,
एकूण एक बाळ, एकूण एक आई,
फक्त डोळे कसे उघडायचे ते नव्हतं.
चूक माझी. शुक्रवार संध्याकाळची, आळसाची.

पेनड्राइव्ह लावून उठवलं तिला
आणि ते शब्द तिच्याही कपाळी लिहिले,
सटवाईनं सहाव्या रात्री लिहावेत तसे,
पण चार वर्षं उशिरा.

नवी डिस्क बिश्केकच्या मिनीबसमधून आली,
ड्रायव्हरच्या लोकरी मोज्यात गुंडाळून.
कुबातनं मोजा लगेच परत मागितला,
बाहेर उणे चोवीस होतं.

आता जुनी सांगते, नवी ऐकते.
एकोणतीस टक्के.
वर कुणीतरी पहिल्यांदा रडलं.
एकतीस.
अजून दोन तास ही एकटीच आहे.
तिच्या दारावरून जाताना
मी बूट हातात घेतो.