दहा नंबर

सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते,
हे मला शिवणाच्या आधीपासून ठाऊक.
मेयोत एकतीस वर्षं काढली :
अठराची रक्त चढवायला,
सव्वीसची कालच्या बाळाच्या मनगटाला.

म्हणून इतवारीत कुतुबभाईनं
मोठ्या नाकाची चार नंबर पुढे सरकवली,
“सिस्टर, ह्यात धागा लवकर जाईल, डोळ्याच्या मानानं,”
तेव्हा मी म्हटलं, दहा काढा.
“काहून रागावता बाप्पा,” म्हणत
तो स्टुलावर चढला.

दहा नंबर चिमटीत धरली
तर धरली की नाही, कळत नाही.
मे महिन्यात घामानं दोन दिवसांत काळी पडते.
पण षट्कोनाला षट्कोन जोडताना
काठावरचे दोन-तीन तंतूच उचलते,
आतल्या कागदाला शिवत नाही.

हे मला एलिअम्मानं शिकवलं, रात्रपाळीत,
वॉर्ड झोपल्यावर, औषधांच्या ट्रॉलीवर कात्री ठेवून.
कोट्टायमची. मराठी ऐकून ऐकून शिकलेली.
एकदा मध्येच थांबून म्हणाली,
गजघाटे, शिवणं म्हणजे टाके घालणं
आणि शिवणं म्हणजे हात लावणं,
दोन्ही एकच कसं?
मी सुईत धागा ओवत होते.
म्हटलं, आमच्या घरी
दुसराच अर्थ आधी शिकवावा लागायचा.
तिनं विचारलं नाही पुढे.
तीन नंबरच्या खाटेची सलाईन बदलून आली
आणि माझा गुंता सोडवून दिला.

धाग्याला मात्र तास गेला.
पॉलिस्टर चमकतो, ओढला तर तुटत नाही,
आणि वर्ष-दोन वर्षांत कापडच कापतो.
आमचे कान्हेरे डॉक्टर ओरडायचे,
टाका कातडीपेक्षा हट्टी नको.
सुतीच घेतला, साठचा.
ऐंशीचा सुंदर होता, केसासारखा,
पण माझा हात घाईचा आहे, तोडला असता.

रंगासाठी पिशवीतून तुकडे काढून काउंटरवर मांडले :
निळ्या काठाची युनिफॉर्मची साडी,
भाच्याचा चौकड्याचा शर्ट,
एलिअम्माच्या घरी घालायच्या गाऊनचा पोपटी,
निघताना तिनं पुसायला म्हणून देऊन टाकलेला.
पांढरा धागा निळ्यावर ओरडतो,
निळा पोपटीवर.
कुतुबभाईनं न विचारता राखाडी ठेवला.
मी एक टोक प्रत्येक तुकड्यावर टाकून पाहिलं.
कुठेच दिसेना.
“घ्या,” म्हणाला, “हा कोणाचाच नाही.”
दोन रिळं घेतली.

कागदाचं विचाराल तर
विजेचं बिल मऊ, कूलरच्या हवेत लोळागोळा होतं.
लग्नपत्रिका जाड, सुईच परत फिरते.
बरोबर जाडीचे निघाले जुने ड्युटीचे तक्ते,
ऑफिसनं रद्दीत काढलेले, मी उचलून आणलेले.
कात्रीखाली यायचं :
रात्र, रात्र, सुट्टी, रात्र,
कुठे माझं अर्धं आडनाव,
कुठे कुरियन ए., पुढे तिरपी सही.

धागा कोपरापर्यंतच घ्यायचा, जास्त हाव नको.
मेणावरून ओढायचा,
मेणही उन्हाळ्यात डबीत पातळ होतं,
तर फ्रिजमध्ये, लोणच्याशेजारी ठेवलंय.

आता सहाही बाजू धरल्या गेल्या
की मधला कागद काढायचा.
कच्चा टाका उसवला, चिमटीनं ओढलं,
घडी घातलेली रात्र बाहेर येते
सहा कोनांची, जराशी वाकलेली,
आणि कापड आपलं आपण बसून राहतं.
दोनशे अकरा काढले.

एक काढला नाही.
विसरले म्हणा.
सुन्न दुपारी कूलर बंद पडतो, लाइट जाते,
मी कूस बदलते
आणि पायाजवळ, पोपटी तुकड्याखाली
कोणीतरी तक्ता उलटल्यासारखं
कुरकुरतं.